बाई म्हणून की आशियाई म्हणून?

परवा शुक्रवारी हापिसात जेवताना टीममधल्या एकाच्या बँकॉक ट्रिपचा विषय निघाला. आणि निघाल्याबरोबर ठरलेला विनोद आलाच. "मसाज करून ये रे, पण बायकोला बिल दाखवू नकोस!" अख्खं टेबल हसलं. मीही हसलो, सवयीने. मग डबा धुताना एकदम आठवलं, २०२१ च्या मार्चमध्ये मी ऑनसाईटला अटलांटाजवळ राहत होतो, आणि तिथे याच विनोदातल्या बायका मेल्या होत्या. मेल्या कसल्या, मारल्या गेल्या होत्या. तेव्हापासून जे डोक्यात फिरतंय ते या वीकांताला लिहून काढतोय. थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी घटना. १६ मार्च २०२१, मंगळवार. एका २१ वर्षांच्या गोऱ्या तरुणाने त्याच दिवशी बंदूक विकत घेतली. संध्याकाळी पाचच्या सुमारास चेरोकी काउंटीतल्या एका मसाज पार्लरमध्ये गोळ्या झाडल्या, आणि मग तासाभरात अटलांटा शहरातल्या समोरासमोरच्या दोन स्पांमध्ये. आठ जण गेले. त्यातल्या सहा जणी चिनी आणि कोरियन वंशाच्या बायका. सर्वांत लहान ४४ वर्षांची, सर्वांत मोठी ७४ वर्षांची.

दुसऱ्या दिवशी शेरीफच्या प्रवक्त्याने सांगितलं की आरोपीच्या म्हणण्यानुसार याचा वंशाशी संबंध नाही. त्याला म्हणे सेक्सचं व्यसन आहे, आणि ही ठिकाणं म्हणजे 'मोह', तो त्याला संपवायचा होता. वर हेही, की कालचा दिवस त्याच्यासाठी फारच वाईट होता. त्याच्यासाठी!

आमच्या तिथल्या मराठी ग्रुपवर काय चर्चा झाली? एक जण म्हणाला, "रेसिझमचा काय संबंध? त्याने स्वतःच सांगितलंय ना." दुसरा म्हणाला, "आपल्याला टेन्शन नाही, ते 'तसले' पार्लरवाले होते." मी थम्सअप टाकला आणि झोपलो. आज त्याची लाज वाटते.

आता माझा मुद्दा. "बाई म्हणून मारलं की आशियाई म्हणून?" हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन मॉड्यूल वेगवेगळी टेस्ट केली, दोन्ही पास झाली, म्हणून सिस्टीम चालते असं जाहीर केलं. इंटिग्रेशन टेस्टिंग कोणी केलंच नाही.

हा बग जुना आहे. काही कृष्णवर्णीय बायकांनी जनरल मोटर्सवर भेदभावाचा दावा लावला होता, त्याचा निकाल १९७६ मध्ये लागला. कंपनीचा युक्तिवाद सोपा होता: आम्ही बायका घेतो (गोऱ्या, ऑफिसात), आणि काळे लोकही घेतो (पुरुष, कारखान्यात). कोर्ट म्हणालं, वंशाचा दावा करा किंवा स्त्री म्हणून करा, दोन्हींची बेरीज चालणार नाही. किंबर्ली क्रेनशॉ या कायद्याच्या अभ्यासक बाईंनी १९८९ मध्ये हेच प्रकरण घेऊन दाखवलं की अशाने मधली बाई कोणालाच दिसत नाही.

अटलांटाचंही तेच झालं. माणूस एक, संध्याकाळ एक, आणि काउंटी दोन. चेरोकीच्या सरकारी वकील म्हणाल्या की वांशिक द्वेषाचा पुरावा नाही, खटला उभा राहिला असता तर स्त्रीद्वेष मांडला असता. त्याने तिथे गुन्हा कबूल केला आणि जन्मठेप घेतली. अटलांटा ज्या फुल्टन काउंटीत येतं तिथल्या वकील म्हणाल्या, वंश आणि लिंग दोन्ही. तीस मैलांत हेतू बदलला की काय?

विरोधी बाजू प्रामाणिकपणे सांगतो. चेरोकीत गेलेल्यांत एक गोरी बाई आणि एक गोरा पुरुषही होता. पुढे फ्लोरिडात पॉर्न उद्योगाशी संबंधित ठिकाणी हल्ला करायचा त्याचा विचार होता, असंही पोलीस म्हणाले. मान्य. त्याच्या डोक्यात नेमकं काय होतं ते मी कोण सांगणार? पण 'मोह' शोधायला तो पहिल्यांदा कुठे गेला, आणि ७४ वर्षांच्या बाईला गोळी लागावी अशा यादीत ती आलीच कशी, हे तर विचारू शकतो ना?

ती यादी त्याने एकट्याने केलेली नाही. १८७५ मध्ये अमेरिकेने पेज कायदा केला. कागदावर बंदी होती ती वेश्याव्यवसायासाठी आणल्या जाणाऱ्या पौर्वात्य बायकांवर, प्रत्यक्षात जवळजवळ प्रत्येक चिनी बाईवर तोच संशय. चिनी मजुरांना बंदी आली १८८२ मध्ये. म्हणजे आधी बाई अडवली, तीही 'तसली' ठरवून! पुढे कोरियात अमेरिकी तळांभोवती वस्त्या उभ्या राहिल्या. त्या वस्त्यांतल्या वेश्याव्यवसायाला खुद्द सरकारने उत्तेजन दिलं होतं, असं दक्षिण कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. आणि व्हिएतनाममध्ये लढणाऱ्या सैनिकांच्या 'विश्रांती आणि करमणुकी'साठी १९६७ मध्ये अमेरिकेने कोणाशी करार केला? थायलंडशी. आमच्या टेबलावरच्या विनोदाचं मूळ गाव ते.

वंशद्वेष इथे वेगळा आणि स्त्रीद्वेष वेगळा असा कधी नव्हताच. "ह्या बायका म्हणजे त्याच कामाच्या" हे एकच वाक्य आहे. त्यातला वंश काढा, वाक्य पडतं. बाई काढा, तरी पडतं. आणि समजा, एखादी खरंच तेच काम करत असती, तर? तर काय मारायची मुभा होती? त्या ग्रुपवरच्या 'तसले' या शब्दात हे सगळं होतं.

ज्यांना वाटतं हे आपलं नाही, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. १९८७ मध्ये जर्सी सिटीत भारतीयांवर हल्ले करणाऱ्या टोळीने स्वतःचं नाव ठेवलं होतं डॉटबस्टर्स. डॉट म्हणजे आपल्या बायकांच्या कपाळावरची टिकली. आणि २००७ मध्ये दिल्ली पोलिसांनी ईशान्येतून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी पुस्तिका काढली. त्यात सल्ला काय? अंगप्रदर्शन करणारे कपडे टाळा, आणि वासाचे पदार्थ शेजाऱ्यांना त्रास न होता शिजवा. एकाच पुस्तिकेत बाईचे कपडेही आले आणि परक्याचा स्वयंपाकही. अमेरिकेला नावं ठेवायला आपण मोकळे नाही, एवढंच.

असो. एका विनोदाने कोणी खून करत नाही, हे मलाही कळतं. पण सहा बायका मेल्यावर "तसले पार्लरवाले होते" म्हणून झोप लागते, ती अशाच विनोदांनी लागते. माझी लागली होती.

पुढच्या सोमवारी तो बँकॉकहून परत येतोय. विनोद पुन्हा होणार, नक्की. या वेळी मी हसणार नाही. का, असं विचारलंच कोणी, तर १९६७ पासून सुरुवात करीन. जेवण थंड झालं तरी चालेल.