लाल रेघेची किंमत

कॅननने १९८७ मध्ये ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स काढली. १९९० मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. काचांची रचना तीच, पण कॅमेऱ्याला जोडणारी धातूची कडी जाऊन प्लास्टिकची आली, अंतराचे आकडेही गेले. २०१५ च्या आवृत्तीत धातू परतला, आणि लेन्स तरीही स्वस्तच राहिली.

याच मापाची एफ/१.२ लेन्स लाल रेघ मिरवते. तिच्यातून सव्वादोनपट उजेड येतो, धूळ-पावसापासून संरक्षण मिळते. किंमत मात्र दहापटीहून जास्त.

स्वस्तातल्या लेन्सने नवख्याला आत घ्यायचे आणि पुढे लाल रेघ दाखवून त्याला स्वतःचे काम अपुरे वाटायला लावायचे, हा कंपन्यांचा धंदा आहे. त्यांनी तो करावा. प्रश्न आपला आहे. लग्नाचे फोटो काढून घर चालवणारा पोरगा कर्ज काढून ती रेघ विकत घेतो, कारण आपण त्याचा भाव फोटो पाहून नव्हे, कॅमेरा पाहून ठरवतो.

रोज अंधारात, पावसात काम असेल तर महाग लेन्स जरूर घ्यावी. पण लेकीला निरोप देताना बापाच्या डोळ्यांत आलेले पाणी एफ/१.८ लाही दिसते.