छंद प्रकाशशलाकेचा

१९६० साली कॅलिफोर्नियातील मालिबू येथे थिओडोर मेमन यांनी कृत्रिम माणकातून पहिली लेसर-शलाका प्रकट केली, तेव्हा प्रयोगशाळेच्या बंदोबस्तातील हे तेज पुढे हौशी माणसाच्या खिशात येईल, आणि मोडीत निघालेल्या डीव्हीडी-यंत्रातील तांबडा डायोड सोडवून कोणी स्वहस्ते लेसर पॉइंटर घडवील, ही कल्पनाही दुष्कर होती. संग्राहकांस हिरव्या पॉइंटरचे विशेष अगत्य. कारण त्यात ८०८ नॅनोमीटरचा अदृश्य किरण एका स्फटिकात १०६४चा होतो व दुसऱ्यात निम्म्या तरंगलांबीचा होऊन ५३२चे हिरवे तेज धारण करतो. परंतु गाळणी नसल्यास अदृश्य अंशही बाहेर निसटून नेत्रांस इजा करू शकतो. सबब, तरंगलांबीस अनुरूप चष्म्यावाचून कोणीही या छंदास हात घालू नये, अशी वाचकांस आमची आग्रहाची विनंती आहे.