९१ गुणांची अमेरिका कोणाची?

अमेरिकेला निघालेल्या आपल्या पोरांना कंपन्या हॉफस्टेडचा तक्ता शिकवतात. व्यक्तिवादात अमेरिकेला ९१ गुण! तिथे म्हणे माणूस जन्मावर नाही, कर्तृत्वावर ओळखला जातो. मी विचारतो, कोणता माणूस? हे आकडे आले १९६७ ते १९७३ दरम्यान आयबीएमच्या कर्मचाऱ्यांनी भरलेल्या प्रश्नावल्यांतून. आणि जून १९६७ पर्यंत त्याच अमेरिकेच्या १६ राज्यांत गोऱ्या-काळ्यांचं लग्न बेकायदेशीर होतं. जातीतल्या जातीत लग्न हाच जातीचा गाभा, हे बाबासाहेबांनी १९१६ साली न्यूयॉर्कमध्येच मांडलं होतं. जोडीदारसुद्धा कातडी बघून निवडायला लावणारा हा कसला व्यक्तिवाद? भारताची उतरंड हाच तक्ता ‘सत्ता-अंतर’ म्हणून मोजतो: ७७. ती कुणी रचली, कुणाच्या डोक्यावर, यासाठी त्यात रकानाच नाही. अशा प्रशिक्षणात बसाल तेव्हा हे विचाराच.