गाडी उभी, तर शेतकरी आडवा



कापूस एकाधिकार खरेदी आपण भोगली आहे. 1972 साली ही योजना सुरू झाली. पुढची सुमारे तीस वर्षे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातला कापूस राज्याच्या हद्दीबाहेर नेऊन विकण्याची मनाई होती. पलीकडे भाव चांगला असला तरी नाक्यावर गाडी अडे. शेतकरी चळवळीने त्याविरुद्ध रस्त्यावर उतरून लढा दिला. 2002 पासून खासगी व्यापाऱ्यांना खरेदी खुली झाली. आज मालेगाव-नांदगावचा कापूस खानदेशातल्या जिनिंगला न्या, नाही तर गुजरातला न्या, कायदा आडवा येत नाही.

मग आपल्यातले किती जण नेतात? अजूनही बराच कापूस खेडा खरेदीत, दाराशी आलेल्या काट्यावर जातो. उधारी, पैशाची निकड, साठवायला जागा नसणे ही कारणे आपण सभेत बोलतो. एक कारण मात्र कोणी काढत नाही. गावात पिकअप आहे, जीप आहे, ट्रॅक्टर आहे. पण ऐन वेचणीत ते मिस्तरीच्या दारात उभे असते.

साधा हिशेब मांडू. समजा, दारातल्या भावात आणि जिनिंगच्या भावात क्विंटलमागे 300 रुपयांचा फरक आहे आणि गाडीत 12 क्विंटल कापूस बसतो. एका खेपेचे 3,600 रुपये झाले. त्यातून डिझेल वजा करा. उरलेली रक्कम गाडी चालू असेल तर आपली, बंद असेल तर व्यापाऱ्याची. व्यापाऱ्याला आपली अडचण आपल्या आधी कळते. गाडी उभी आहे हे दिसले की त्याचा भाव उतरतो.

म्हणून माझे म्हणणे असे की इंजिनाची निगा हा मिस्तरीचा विषय नाही, तो भावाच्या लढाईचा विषय आहे.

डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा ठिणगीचा प्लग नसतो. हवा दाबली जाऊन इतकी तापते की त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. म्हणजे सगळा खेळ दाबाचा आणि फवाऱ्याचा. कोरडवाहू भागात या दोन्हींचा वैरी एकच, धूळ. हवेतून शिरलेली धूळ लायनर आणि रिंगा घासते, दाब जातो, गाडी सकाळी धक्का मागते आणि शेवटी बोअरिंगला येते. डिझेलमधून शिरलेली धूळ नोझल खाते.

हे नोझल काय चीज आहे, ते नाशिककरांना कोणी सांगायला नको. सातपूरच्या मायकोने, 2008 पासून जिचे नाव बॉश झाले, वर्षानुवर्षे नोझल आणि इंजेक्टरच घडवले. आपल्याच जिल्ह्यातली पोरे तिथे कामाला गेली. नोझलची सुई आणि तिचे घर यांच्यातली फट दोन-चार मायक्रॉनची असते, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा जेमतेम विसावा हिस्सा. सातपूरला एवढ्या बारकाईने घडलेल्या वस्तूत आपण गंजक्या पिंपातले डिझेल मातीच्या नरसाळ्याने ओततो. मग नोझल गेले की कंपनीला शिव्या घालतो.

निगेला फार शिक्षण लागत नाही. डिझेल साठवायचेच असेल तर पिंप दिवसभर हलवू नये, तळातले चार बोटे डिझेल घेऊ नये, नरसाळ्याला बारीक जाळी असावी. टाकी संध्याकाळी भरावी. रिकाम्या टाकीत रात्री दव धरते आणि ते पाणी डिझेलात उतरते. फिल्टरखालच्या बोंडीतून साचलेले पाणी सोडत जावे. रॉकेलची भेसळ चुकूनही करू नये, कारण पंपाला आणि नोझलला वंगण डिझेलचेच असते.

रोज सकाळी गाडी सपाट जागी, इंजिन थंड असताना ऑइलची पट्टी पाहावी. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवे. कमी वाईट, तसे जास्तही वाईट. जुन्या जीप-ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरच्या वाटीत चिखल झाला की वाटी धुवून नवे ऑइल खुणेपर्यंत घालावे. कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नये, फाटला की फेकावा. रेडिएटरच्या जाळीवर कापसाची लव आणि कडब्याचा भुसा बसतो, तो झाडावा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये आणि त्यात गार पाणी ओतू नये, हेड तडकते. गाडी नाल्याच्या पुरात बुडून बंद पडली तर पुन्हा चावी मारू नये. सिलिंडरमधले पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

धूरही वाचायला शिकावे. काळा धूर म्हणजे हवा कमी पडते, ओझे जास्त आहे किंवा नोझल बिघडले आहे. निळा म्हणजे ऑइल जळते आहे. गाडी तापल्यावरही पांढरा धूर थांबेना, तर पाणी आत जात असण्याचा संशय धरावा.

1 एप्रिल 2020 पासून नव्या गाड्या बीएस-6 च्या आल्या. यांत डिझेलचा दाब टायरमधल्या हवेच्या शेकडो पट असतो. जुन्या सवयीने पाना लावून नळी सैल करायला जाल तर ती धार कातडीतून आत शिरते. तिथे जाणता मिस्तरीच हवा. टर्बोची गाडी घाटातून चढून आली की मिनिट-दोन मिनिटे तशीच चालू ठेवून मग बंद करावी.

कोणी म्हणेल, खर्चाला पैसा कुठे आहे? भाव मिळत नाही हे खरेच आहे. पण तेच कारण निगा राखण्याचे आहे. कृषी मूल्य आयोग उत्पादन खर्चात अवजारांचा घसारा धरतो, तो ठरल्या नियमाने. दहा वर्षे चालणारे इंजिन धुळीने चार वर्षांत गेले, तर उरलेली सहा वर्षे कोणत्याच आयोगाच्या हिशेबात येत नाहीत. ती आपल्याच अंगावर बसतात. सरकारकडे खर्चाचा हिशेब मागायचा, तर आपलीही वही भरलेली हवी.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदेमळणी करतो. वर्षभर ओझे ओढलेल्या खांद्याला हळद-तूप चोळतो. दसऱ्याला मात्र गाडीला झेंडूची माळ घालतो, नारळ फोडतो आणि आतले ऑइल तसेच काळे ठेवतो. ही पूजा अर्धी आहे.

या जिल्हा बैठकीत तीन गोष्टी ठरवाव्यात. वेचणीचा जोर धरण्याआधी, दसऱ्याच्या आठवड्यात प्रत्येक गावातल्या गाड्यांचे ऑइल आणि फिल्टर बदलून व्हावेत. चार जणांनी मिळून सामान घेतले तर स्वस्त पडेल. प्रत्येक गाडीत एक वही असावी आणि तारीख, किलोमीटर, खर्च तिच्यात लिहावा. आणि ऑइलची पट्टी पाहणे घरातल्या बायामुलींनाही यावे. 1986 चे चांदवडचे महिला अधिवेशन अभिमानाने सांगणाऱ्या जिल्ह्यात गाडीची किल्ली एकट्या पुरुषाच्या खिशात का?

बाजार खुला व्हावा म्हणून एका पिढीने लाठ्या खाल्ल्या. त्या बाजारापर्यंत माल पोचवणे आपल्या पिढीकडे आहे.