योगावर हक्क सांगणार कोण?




‘योगाचे पेटंट भारताने एकदाचे घेऊन टाकावे, म्हणजे परदेशातली दुकानदारी बंद होईल’ अशी मागणी दर जूनमध्ये योगदिनाच्या आगेमागे वाचकांच्या पत्रांतून होत असते. त्यामागचा संताप मला समजतो. पण मागणी मुळातच चुकीची आहे आणि ती मान्य झाली तर नुकसान आपलेच आहे.

पेटंट नव्या शोधाला मिळते, तेही २० वर्षांपुरते. जी विद्या हजारो वर्षांची आहे असे आपण छातीठोकपणे सांगतो, तिच्यासाठी पेटंट मागायचे म्हणजे स्वतःचाच दावा खोडायचा. आपल्या पेटंट कायद्याचे कलम ३(पी) तर स्पष्टच सांगते, की पारंपरिक ज्ञान हा शोध नव्हे.

ज्या प्रकरणामुळे हा विषय तापला, ते पेटंटचे नव्हतेच. कोलकात्याचे बिष्णुचरण घोष यांच्याकडे शिकलेले बिक्रम चौधरी अमेरिकेत गेले आणि तिथे त्यांनी तापवलेल्या खोलीतला योग लोकप्रिय केला. २६ आसने, दोन श्वसनप्रकार, ९० मिनिटे आणि सुमारे ४० अंश सेल्सिअस तापमान. त्यांचे पुस्तक १९७९ मध्ये आले. २००२ मध्ये त्यांनी त्या पुस्तकाच्या कॉपीराइट नोंदणीला पुरवणी जोडली आणि आसनांच्या क्रमावरही हक्क सांगितला. मग हाच क्रम शिकवणाऱ्या वर्गांना नोटिसा गेल्या, खटले झाले. त्यांतले काही वर्ग तर त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या शिक्षकांचे होते. म्हणजे गुरूकडून घेतलेले पुढे देताना शिष्यांच्या पायात कायद्याची बेडी!

२०१२ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने जाहीर केले, की व्यायामाच्या वा आसनांच्या अशा संकलनाची नोंदणी होऊ शकत नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये तिथल्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानेही चौधरींचा दावा फेटाळला. आपल्याकडे ही ‘भारताची जीत’ म्हणून साजरी झाली. निकालाचा आधार मात्र वेगळा आहे. आसने भारताची आहेत, म्हणून चौधरी हरले नाहीत. आरोग्य सुधारण्याची पद्धत ही पद्धत आहे आणि कॉपीराइट पद्धतीला मिळत नाही, फक्त तिच्या शब्दांकनाला मिळतो, म्हणून ते हरले. हे तत्त्व तिथे १८७९ पासून, हिशेबाच्या वह्या मांडण्याच्या एका रीतीवरून झालेल्या खटल्यापासून, चालत आले आहे. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ या पाककृतींच्या पुस्तकातला मजकूर कोणी उचलून स्वतःच्या नावाने छापला, तर तो गुन्हा. त्यातली पुरणपोळी मात्र घरोघरी लाटायला मोकळीक.

दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ‘प्राणिक हीलिंग’ या उपचारपद्धतीच्या वादात हेच सांगितले होते. पुस्तकावर हक्क आहे, पण त्यात वर्णिलेल्या क्रिया करण्यावर किंवा शिकवण्यावर नाही. ज्या नियमाने आसने चौधरींच्या हातून सुटली, त्याच नियमाने ती भारत सरकारच्याही मुठीत येत नाहीत. एका हाताने या नियमाचे स्वागत करायचे आणि दुसऱ्या हाताने तोच मोडा म्हणायचे, हे कसे जमणार?

बरे, मालकी मिळाली असे घटकाभर धरू. ती नेमकी कशाची? पतंजलीच्या योगसूत्रांत एकाही आसनाचे नाव नाही. हठप्रदीपिकेत जेमतेम १५ आसनांचे वर्णन आहे, घेरंडसंहितेत ३२. आज जगभर शिकवली जाणारी कितीतरी आसने आणि त्यांची गुंफण विसाव्या शतकात आकाराला आली. त्यात म्हैसूरच्या कृष्णमाचार्यांचा वाटा मोठा आहे. आणि आपल्या औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे काय? या राजाने सूर्यनमस्कार शाळाशाळांत नेले, इंग्रजीत पुस्तक लिहून ते विलायतेतही पोहोचवले. परवाना नाही, रॉयल्टी नाही. उद्या मालकीची वाटणी झाली तर हिस्सा औंधला, म्हैसूरला की नाथपंथी मठांना? आणि दिल्लीतले जे कार्यालय परवाने देईल, ते गल्लीतल्या सकाळच्या वर्गाला सोडेल, अशी खात्री माझ्यासारख्या जन्मभर सरकारी दाखले पाहिलेल्या माणसाला तरी वाटत नाही.

जिथे ज्ञान एखाद्या ठरावीक समाजाने सांभाळले आहे, तिथली गोष्ट वेगळी. केरळच्या काणी आदिवासींनी आरोग्यपच्चा ही वनस्पती दाखवली, तिच्यापासून औषध निघाले आणि उत्पन्नातला वाटा त्यांना देण्यात आला. तो न्यायच होता. योग असा एका वस्तीचा राहिलेला नाही, तो तसा राहू नये म्हणून कितीतरी जणांनी आयुष्ये घातली.

नावाचे संरक्षण मात्र वाजवी आहे. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांचे नाव लावून शिकवायचे असेल, तर त्या परंपरेचे प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागते. त्यात शिकणाऱ्याचीही फसवणूक टळते. पण त्रिकोणासन करायला कोणाची परवानगी लागत नाही. नाव राखा, विद्या मोकळी सोडा, एवढाच हा भेद आहे.

हळदीच्या लढाईचा दाखला नेहमी दिला जातो, तोही नीट वाचावा. जखमा भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. त्यातून हळदीची मालकी भारताकडे आली नाही, ती कोणाकडेच गेली नाही. जिंकणे म्हणतात ते हेच.

त्या धड्यातूनच २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय सुरू झाले. जुन्या ग्रंथांतली माहिती, त्यात योगही आला, इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि जपानी भाषांत नोंदवून परदेशी पेटंट कार्यालयांपुढे ठेवायची, ही कल्पना उत्तमच. पण ज्यांच्या पूर्वजांचे हे ज्ञान, त्यांनाच ते दार वर्षानुवर्षे बंद होते. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ते इतरांसाठी उघडायचे ठरवले, तेही वर्गणी घेऊन आणि टप्प्याटप्प्याने. आपल्याच शास्त्राला आपल्याच सरकारचे तिकीट! चौधरींना नावे ठेवणाऱ्यांनी याकडेही पाहावे.

तेव्हा पेटंटची मागणी सोडून आपण दुसरी मागणी करू या. या ग्रंथालयातला योगाचा भाग सर्वांना विनामूल्य वाचता यावा आणि त्या पाच भाषांच्या जोडीला तो मराठीतही मिळावा.

आपला,
एक निवृत्त वकील, सातारा