बिगरहंगामातले सौदे

पावसाळ्यात माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरच्या छत्रपती या साखर कारखान्यांची धुराडी थंड असतात. करार मात्र तेव्हाच ठरतात. बारामती-इंदापुरात ऊस वाढत असतो आणि तिकडे बीडकडच्या एखाद्या वस्तीवर मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका ‘कोयत्या’ला, ऊसतोडीची आगाऊ उचल मोजून देतो.

खेळाचा बाजारही हंगाम नसतानाच भरतो. चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईला २०१८मध्ये प्रो कबड्डीच्या लिलावात यू मुंबाने ३६.४ लाखांना घेतले. एकाच मोसमानंतर तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १.४५ कोटी मोजले. पुढे खांदा दुखावला आणि भाव उतरला.

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे आक्रमणाची सूत्रे हाती असलेला गडी. २०२२मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्स संघाने क्वार्टरबॅक देशॉन वॉटसनशी पाच वर्षांचा २३ कोटी डॉलरचा करार केला, तोही पूर्ण हमीचा. निलंबन आणि दुखापतींमुळे पहिल्या तीन मोसमांत तो जेमतेम १९ सामने खेळला. हमी मात्र जागची हलली नाही.

करारात आकडा डोळ्यांत भरतो. वजन असते ते हमीला. उसाच्या फडात मात्र कोयत्याची पाठ धरली, तर उचल फिटत नाही. ती पुढच्या हंगामाच्या मानगुटीवर बसते.

या अंकातले खेळाडूंचे करार वाचताना एवढेच विचारा: शरीर थकले, तर तोटा कोणाच्या खाती?

– संपादक