पडीक भूखंड आणि बारा वर्षांचा कायदा

पुणे, ठाणे, रायगड या जिल्ह्यांत मध्यमवर्गीयांनी निवृत्तिवेतनाच्या पैशांतून घेऊन ठेवलेले भूखंड ठिकठिकाणी ओस पडलेले दिसतात. मुलगा परदेशी, प्रकृतीचे कारण, बांधकामास पैसा नाही. कारणे कोणतीही असोत, गवत मात्र वाढत राहते. जमीन पडून राहिली म्हणून मालकी जाते काय, हा प्रश्न अशा मालकांना नेहमी अस्वस्थ करतो.

नुसती पडून राहिल्याने ती जात नाही. मालकाने दीर्घकाळ वापर केला नाही तरी त्याच्या हक्कास बाध येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटक वक्फ मंडळाच्या प्रकरणात २००४ साली स्पष्ट केले. धोका आहे तो दुसऱ्याच्या पायरवाचा. कोणी उघडपणे, अखंडपणे आणि मालकाचा हक्क झुगारून ती जमीन बळकावली आणि मालकाने १२ वर्षांत दिवाणी दावा लावला नाही, तर १९६३ च्या मुदतीच्या कायद्यान्वये मालकाचा दावाच नव्हे, मालकीही नष्ट होते. सातबाऱ्यावरचे नाव तेथे उपयोगी पडत नाही आणि पोलिसांकडे केलेल्या तक्रारींनी मुदत थांबत नाही.

हा कायदा कोणासाठी आहे? ओसाड जमीन कसून पिकविणाऱ्याचे कष्ट वाया जाऊ नयेत, हा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु कब्जेदार प्रामाणिक असावा अशी अट कायदा घालीतच नाही. उलट परक्याची जमीन परकी म्हणूनच बळकावणाऱ्याची बाजू अधिक भक्कम ठरते! २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने या तत्त्वास तर्कविसंगत म्हणून त्याचा फेरविचार करण्यास सरकारला सुचविले. २०१९ साली त्याच न्यायालयाने, पूर्वी केवळ ढालीसारखा वापरता येणारा हा हक्क कब्जेदारास वादी म्हणूनही मांडता येईल, असे ठरविले. विधी आयोगाने २०२३ च्या अहवालात बदलाची आवश्यकता नाही असे मत दिले. आम्हांस ते पटत नाही. सरकारी जमिनीसाठी हीच मुदत ३० वर्षांची आहे. एवढा मोठा नोकरवर्ग पदरी असलेल्या सरकारच्या आळसाला ३० वर्षे, आणि एकट्यादुकट्या वृद्धाच्या असहायतेला १२, हा कोणता न्याय?

शिवाय ज्याने जमीन जाणूनबुजून, भाव वाढावा म्हणून अडवून ठेवली, त्याला या कायद्याची झळ लागत नाही. त्याच्याकडे भिंत आहे, पहारेकरी आहे. अशांसाठी १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा होता. मुंबईत ५०० चौरस मीटरपलीकडील मोकळी जागा सरकारने घ्यावी, असा त्याचा दंडक. पण सवलतींच्या कलमांनी आणि न्यायालयीन वादांनी तो पोखरला गेला. केंद्राने तो १९९९ मध्ये, महाराष्ट्राने २००७ मध्ये निकालात काढला. शेतजमीन सलग दोन वर्षे पडीक ठेवल्यास तिची व्यवस्था सरकारने हाती घ्यावी असे १९४८ च्या मुंबई कूळकायद्याचे कलम ६५ सांगते. शहरांतील साठेबाजीस मात्र असा जाब विचारणारे कलम उरलेले नाही.

मुदतीचा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. राष्ट्रपतींची संमती घेऊन महाराष्ट्राच्या विधिमंडळास आपल्यापुरती दुरुस्ती करता येईल: बेइमान कब्जेदारास १२ वर्षांचा लाभ नाकारावा, एवढीच ती दुरुस्ती.